हिवाळ्यात खाऱ्या टाकीचा पारा सांभाळा

कोकणात कसली आलीय थंडी, असं म्हणत क्लाऊनफिश पाळणारे बरेचजण डिसेंबर-जानेवारीत निर्धास्त असतात. पण याच दिवसांत आभाळ निरभ्र असतं, जमिनीवरून कोरडा वारा सुटतो आणि दुपारचा ३१-३२ अंशांवरचा पारा पहाटे १५-१६ वर येतो. पावसाळ्यात एवढी तफावत कधी पडत नाही. खुल्या समुद्राचं पाणी दिवसरात्रीत जेमतेम अर्धा-एक अंश हलतं. पत्र्याच्या शेडमधली शंभर लिटरची काचटाकी मात्र हवेच्या मागोमाग वरखाली होते.

क्लाऊनफिशला २६ ते २८ अंश मानवतात. तरी २४ ते २९ मध्ये रोज हेलकावणाऱ्या पाण्यापेक्षा एका जागी थांबलेले २५ अंश मला केव्हाही पसंत. हेलकाव्याने मासा खाणं सोडतो, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उचल खातो. २७-२८ अंशांना आठवडाभरात फुटणारी अंडी गार पाण्यात रेंगाळतात.

आधी मोजा. पहाटे सहाला आणि दुपारी तीनला नोंद करा. अकरा वाजताचा एकच आकडा काहीच सांगत नाही. फरक दोन अंशांहून जास्त असेल तर हीटर घेण्याआधी शेडकडे बघा. पत्र्याखाली नारळाच्या झापांचा थर द्या, पूर्वेकडची फट बंद करा, टाकीच्या मागे आणि खाली थर्माकोल लावा. सुट्या टाक्या एकाच संपला, म्हणजे खालच्या सामाईक टाकीला, जोडता आल्या तर उत्तमच. पाण्याचा साठा जितका मोठा, तितका पारा सावकाश हलतो.

हीटरसाठी लिटरमागे साधारण एक वॅट धरा. मात्र २०० वॅट लागणार असतील तर एकच घेण्यापेक्षा १०० चे दोन घ्या. एक चालूच अडकला तर टाकी उकडणार नाही, एक बंद पडला तर गारठणार नाही. ते वाहत्या पाण्यात बसवा. खारं पाणी वीज चांगलीच वाहून नेतं, तेव्हा अर्थिंग आणि गळती पकडणारा ब्रेकर हवाच. पाणी काढण्याआधी प्लग काढा, नाहीतर उघडी पडलेली गरम काच तडकते.

हीटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरचा सेन्सर हा तर या दिवसांतला गुप्त शत्रू. रबरी चकती शेवाळावरून सटकते, सेन्सर पाण्याबाहेर लोंबकळतो आणि पहाटेच्या हवेचे १७ अंश दाखवतो. कंट्रोलर बिचारा हीटर चालूच ठेवतो. सेन्सर दोऱ्याने बांधा आणि रोज हात लावून बघा.

गच्चीवरच्या टाकीतलं खारं पाणी सकाळी थेट ओतू नका. शेडमध्ये ड्रमात ठेवून तापमान जुळवा आणि पाणीबदल अकरानंतर करा. हीटरमुळे बाष्पीभवन वाढतं. ती घट गोड्या पाण्याने, शक्यतो आरओच्या, भरून काढा. खारं घातलंत तर क्षारता चढत जाते. सकाळचं पहिलं खाद्यही पाणी ताळ्यावर आल्यावरच द्या.

पारा घसरलेला सापडला तर घाईने चढवू नका. दिवसाला एक-दोन अंश पुरे. रात्री लाइट गेली तर बॅटरीचा एअरपंप लावा आणि टाकीला गोधडी गुंडाळा. वरची बाजू मात्र हवेसाठी थोडी उघडी राहू द्या.