इसब आणि त्वचेवरील जीवाणू

अटोपिक इसब, म्हणजे बहुधा बालपणी सुरू होणारा, पुन्हा पुन्हा उलटणारा आणि कातडी कोरडी पाडून अनावर खाज आणणारा विकार, घरात शिरला की पहिला संशय अस्वच्छतेवर जातो. मग मुलाला जंतुनाशक साबणाने घासून आंघोळ घालणे आणि लस वाहू लागताच औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे एकत्रित मलम परस्पर आणणे, हे ओघानेच येते. काही दिवस कातडी निवळते, मलम थांबताच इसब उसळतो, आणि आईवडिलांच्या वाट्याला तीच जागरणे पुन्हा येतात.

या खटाटोपामागील तर्क निराधार नाही, अपुरा आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू सुमारे 70 टक्के रुग्णांच्या चट्ट्यांवर सापडतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मुलांच्या अभ्यासात इसब उसळताना तो वाढतो व इतर जीवाणूंची विविधता घटते, असे दिसले, आणि त्याचे एक विकर, म्हणजे प्रथिने तोडणारे द्रव्य, खाजेच्या चेतातंतूंना थेट चेतवते, हे 2023 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले. परंतु तो माजतो तो मुख्यतः तट ढासळलेल्या कातडीवर. बाह्यत्वचेचा ओलावा व आम्लता राखण्यास मदत करणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाने इसबाचा धोका वाढतो, हे 2006 मध्ये दाखवले गेले. अल्कधर्मी साबण तीच आम्लता आणखी घटवतो. शिवाय निरोगी कातडीवरील स्टॅफिलोकॉकस होमिनिससारख्या जीवाणूंचे काही वाण ऑरियसला मारणारी द्रव्ये स्वतःच बनवतात, आणि सरसकट जंतुनाशात मित्र-शत्रू असा भेद उरत नाही.

म्हणून कोमट पाण्याची थोडक्यात आटोपलेली आंघोळ, सौम्य क्लीन्सर आणि अंग ओलसर असतानाच सढळ हाताने लावलेले मॉइश्चरायझर यांना अग्रक्रम द्यावा, तोही चट्टे नसलेल्या दिवसांत न चुकता. स्टेरॉइडची धास्ती घेणेही तितकेच घातक आहे, कारण त्वचारोगतज्ज्ञाने ठरवलेल्या तीव्रतेचे मलम ठरलेल्या मुदतीपर्यंत लावल्यास दाह शमतो आणि दाहासोबत ऑरियसही बहुधा ओसरतो. प्रतिजैविकांचा मोह मात्र आवरावा: ब्रिटनमधील 2017 च्या चाचणीत सौम्य संसर्ग दिसणाऱ्या मुलांनाही स्टेरॉइड व मॉइश्चरायझरच्या जोडीला दिलेल्या प्रतिजैविकांचा लक्षणीय लाभ झाला नाही. पू, झपाट्याने पसरणारी लाली किंवा ताप असल्यास तपासणी लांबवू नये. आणि एकसारखे, मध्ये खळगा पडलेले वेदनादायक फोड एकाएकी उठले, तर ते हर्पिस विषाणूचे असू शकतात, ज्यावर प्रतिजैविक चालत नाही, विषाणूरोधक औषधच लागते, म्हणून मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.