त्या रात्री काय झालं, ते विचारून घ्या

माझी दोन्ही बाळंतपणं सिझरची. पहिलं नावाजलेल्या खासगी दवाखान्यात, दुसरं सरकारी रुग्णालयात. टाके तसेच, दुखणंही तेच. पण पहिल्यानंतर मी कित्येक महिने माणसांत नव्हते, आणि दुसऱ्यानंतर बारशाच्या घुगऱ्या मी स्वतः वाटल्या. हा फरक कशानं पडला ते पहिलटकरणींना आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांना सांगायचंय.

पहिल्या वेळी कळा सुरू झाल्यावर आईला दाराबाहेर थांबवलं. आत मी एकटी. पाठीवर पडून राहायचं, कूस बदलायची नाही, ओरडायचं नाही. ओरडले तेव्हा आयाबाई जे बोलल्या ते छापण्याजोगं नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना ते वाक्य पाठ असेल. एका सिस्टरनं वरून पोट दाबलं. पहाटे एकदम धावपळ झाली, कागदावर सही घेतली, टेबलावर नेलं. का, ते कुणी बोललं नाही. बाळाचं रडणं ऐकू आलं नाही, आणि ते का नाही आलं हेही कुणी सांगितलं नाही. लेकीला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नवऱ्यानं मोबाईलवर फोटो दाखवला, तो मी शेजारणीचं बाळ बघावं तसा बघितला.

घरी डिंकाचे लाडू, मालीश, शेकशेगडी, कशाची म्हणून कमी नव्हती. येणारा-जाणारा म्हणे, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, आणखी काय हवं? ते खरंच होतं, म्हणून मला माझीच लाज वाटायची. पण डोळा लागला की लेबररूममधला दिवा डोक्यावर पेटायचा. फिनेलचा वास आला की तळहातांना घाम फुटायचा. लेक झोपली की श्वास चालू आहे ना, म्हणून तिच्या नाकाशी बोट धरून बसायचे. पाजायला घेतलं की अंग आखडायचं, पान्हा फुटायचा नाही, ती चिडायची, मी रडायचे. लवकरच वरचं दूध सुरू झालं आणि 'हिला दूधच नाही' असा शिक्का बसला. भीती आणि वेदना असली की पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन अडतं, दूध असूनही बाळापर्यंत नीट पोचत नाही. हे मला फार पुढे कळलं. तेव्हा सगळे मेथी-आळीव वाढवत होते.

शेवटी आत्येबहीण मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. तिथं दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची, 1987 साली एडिंबरात तयार झालेली ही प्रश्नावली आज जगभर वापरतात. ती गोव्यातही वापरली गेलीय. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या जवळपास चौघींमागे एका बाळंतिणीत नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्यात वाटा होता. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या लेखात तर सहा महिन्यांच्या बाळांचं वजन आणि वाढही आईच्या मनाशी जोडलेली दिसली. आईचं मन दुखणं हा लाड नाही, तो बाळाच्या वजनकाट्याचाही प्रश्न आहे.

माझं दुखणं नैराश्यापेक्षा आघाताचं जास्त होतं. डॉक्टरांनी बोलण्याचे उपचार सुरू केले आणि एक काम दिलं: दवाखान्यातून केसपेपर मागून आणा. फाईलमध्ये चार ओळी होत्या. बाळाच्या हृदयाचे ठोके कमी होत होते, म्हणून तातडीनं सिझर. म्हणजे निर्णय बरोबर होता! घाई माझ्या लेकीसाठी होती. हेच एका वाक्यात कुणी तेव्हा कानाशी सांगितलं असतं तर? मला त्या फाईलनं उपचारांइतकंच बरं केलं. डिस्चार्ज घेताना ती समजावून मागा, तो तुमचा हक्क आहे.

दुसऱ्या वेळी मी नावनोंदणीलाच विचारलं, सोबत कोण थांबू शकेल? सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी नात्यातल्या बाईला सोबत राहू द्यावं, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानं 2016 मध्येच ठरवलंय, पण विचारल्याशिवाय फारसं कुणी सांगत नाही. माझी जाऊबाई आत होती. तिनं काही मोठं केलं नाही. पाठ चोळली, पाणी पाजलं, डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मला पुन्हा सांगितलं. बाळ टेबलावरच माझ्या गालाला लावलं. तुम्हीही जागा निवडताना खोलीच्या एसीआधी हे विचारा: सोबत चालते का, कळांमध्ये हिंडू-फिरू देतात का, बाळ पहिल्या तासात छातीशी देतात का. पोट दाबणं आणि बाळाची वाट मोठी करायला सरसकट कापणं जागतिक आरोग्य संघटना नको म्हणते, हेही माहीत असू द्या.

आणि पहिल्या तासात बाळ छातीशी घेणं जमलं नाही, तरी त्याच्याशी नातं तुटत नाही. थोरलीशी माझं सूत उशिरा जुळलं, पण जुळलं. आज ती माझ्याशीच जास्त भांडते.

घरच्यांनी लक्षात ठेवायचं ते असं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं साधं असतं, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, झोप उडाली, बाळाकडे बघवेना, तर डॉक्टर गाठा. अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात. आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येतात, बाळाचं वजन करतात; त्यांना बाळंतिणीबद्दलही सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर विनामूल्य आहे. बाळंतीण भलतंसलतं बोलू लागली, भास होऊ लागले किंवा स्वतःचं-बाळाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर एकटी सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

भेटायला जाल तेव्हा तिला विचारा, कसं झालं गं? ती तीच गोष्ट चौथ्यांदा सांगेल, सांगू द्या. फक्त मध्येच स्वतःच्या बाळंतपणाची गोष्ट सुरू करू नका.