आवाज कधी येतो, ते आधी ऐकू या

वॉशिंग मशीन खडखडू लागलं की आपण लगेच मेकॅनिकला फोन करतो, नाहीतर चालतंय तोवर चालू दे म्हणतो. त्याआधी आवाज नेमका कधी येतो, तेवढं ऐकू या. हात लावण्यापूर्वी प्लग काढायचाच.

१) पाणी बाहेर जाताना खडखड : बहुधा पंपाच्या जाळीत नाणं, बटण किंवा पिन अडकलेली असते. फ्रंट लोडमध्ये ही जाळी पुढच्या बाजूला खाली असते. आतलं पाणी गरम असेल तर गार होऊ द्या. खाली ताट ठेवून झाकण हळूहळू फिरवा, जाळी धुवून घट्ट बसवा.

२) पिळताना धडधड : जड चादर एका बाजूला गोळा झालेली असते. कपडे मोकळे करून सारखे पसरा. तरी मशीन डुलत असेल तर चारही पाय टेकतात का बघा. अधांतरी पाय फिरवून टेकवा. नव्या फ्रंट लोडचे वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढलेत ना, तेही पाहा.

३) वेगाबरोबर वाढणारी घरघर : रिकामा ड्रम हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग खराब झाल्याची शंका घ्या. मशीन बंद ठेवा, मेकॅनिकला बोलवा. तसंच रेटलं तर ड्रमही जातो आणि खर्च वाढतो. मागचं कव्हर आपण उघडायचं नाही.

आणि धुण्याला टाकण्याआधी आपापले खिसे आपणच तपासू या. ते काम एकट्या आईवर नको.