घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे

प्रश्न : आदिलाबादमध्ये आम्ही भाड्याने राहतो. मावल्याकडे जुनं घर आमच्या आवाक्यात मिळतंय. मालक म्हणतात, घरपट्टी माझ्या नावावर आहे. नोटरीच्या कागदावर व्यवहार करू, रजिस्ट्रीचा खर्च वाचेल. घ्यावं का?
– एक वाचक भगिनी, आदिलाबाद

उत्तर : ताई, घर जरूर घ्या, पण नोटरीवर नको. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. वाचलेला खर्च पुढे कर्ज काढताना किंवा घर विकताना नक्की आडवा येतो.

उपनिबंधक कार्यालयातून ३० वर्षांचा बोजा दाखला (ईसी) काढा, मागची खरेदीखतं वकिलाला दाखवा. मालकाकडे स्वतःचंच खरेदीखत नसेल, तर बयाणा देऊ नका. बँकेचं कर्ज घेतलंत तर बँकेचा वकीलही कागद तपासतो. तेवढीच जास्तीची खात्री.

स्वस्त म्हणून इंद्रवेल्ली-उटनूरकडे पाहणार असाल, तर मात्र फार जपून. अनुसूचित क्षेत्रात १९७० च्या '१/७०' कायद्याने बिगर आदिवासींना जमीन घेता येत नाही, विकणारा बिगर आदिवासी असला तरीही. हा कायदा आदिवासींची जमीन राखण्यासाठी आहे आणि तो पाळलाच पाहिजे.

कागदांसोबत घरही तपासा. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते. भिंतींच्या तिरप्या भेगा इंजिनिअरला दाखवा. बोअरला मे महिन्यात पाणी असतं का, हे शेजाऱ्यांना विचारा. शक्य असल्यास आधी तिथेच वर्षभर भाड्याने राहा.