विसरभोळेपणा की नैराश्य?

प्रश्न : आईचं वय 71. चार महिन्यांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून ती गप्प असते. दर शुक्रवारी अंबाबाईला जायची, तेही बंद. गॅसवर दूध ठेवून विसरते. हा डिमेन्शिया असेल का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : लगेच तसं ठरवू नका. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा डिमेन्शियासारखंच दिसतं आणि उपचारांनी आटोक्यात येतं. नैराश्यात विस्मरण काही आठवड्यांत जाणवतं आणि रुग्ण बहुधा स्वतःच तक्रार करतो. डिमेन्शिया बहुतेकदा सावकाश वाढतो. माणूस रश्श्यात दोनदा मीठ घालतो, रोजच्या गल्लीत चुकतो, तरी ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. बी-12, थायरॉईड आणि साखर तपासून घ्या. चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. आईला सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. घरी ‘विसरलीस कशी?’ असं टोकू नका. गॅसपाशी सोबत राहा आणि शुक्रवारी देवळात तुम्हीच घेऊन जा.