माथेरानला घोड्यावर बसण्याआधी

दस्तुरी नाक्याला गाडी सोडलीस की घोडेवाले भोवती जमतील. लगेच कुणाला हो म्हणू नकोस, पोरी. आधी घोडा बघ. लंगडतोय का, खोगिराखाली, पाठीवर कुठे जखम आहे का, नजर कशी आहे. मागून जाऊ नकोस, खांद्याच्या बाजूने जा, मानेवर हात ठेव. दुखऱ्या पाठीवर बसायचं नाही, मग पैसे कितीही कमी सांगोत.

कुठवर नेणार, किती वेळ आणि किती पैसे, हे तिथेच ठरव. आणि घोडेवाल्याला खरं सांग, "दादा, मी पहिल्यांदाच बसतेय, लगाम तुमच्या हातात ठेवा, पळवू नका." यात लाजण्यासारखं काही नाही. तो रस्ता त्याच्या रोजच्या पायाखालचा आहे आणि घोडाही त्याच्या ओळखीचा. तुझा अंदाज त्याला नसतो, तो तूच द्यायचा.

जाड कापडाची पायघोळ पँट घाल. आखूड पँटीत रिकिबीचा पट्टा पोटऱ्या सोलून काढतो. चपला नकोत, बूट हवेत, थोडी टाच असलेले. टाच असली की पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. ओढणी घरी ठेव. तांबडी माती अंगभर बसते, तेव्हा पांढरं काही नको. हेल्मेट माग, नसेल तर सायकलचं घरून ने. हातात पिशवी नको, तिथली माकडं झडप घालतात आणि घोडा बुजतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खोगीर कसताना पुष्कळ घोडे पोट फुगवतात. चार पावलं चालले की पोट बसतं, पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, सैल पडतो आणि खोगीर स्वारासकट एका बाजूला फिरतं. म्हणून थोडं पुढे गेल्यावर थांबवून तंग पुन्हा आवळून घेच. घोडेवाला "काही होत नाही ताई" म्हणाला तरी.

चढ डाव्या बाजूने. रिकिबीत फक्त चवडा, टाच खाली. चढणीला पुढे झुक, उतारावर मागे रेल. लगामाला लोंबकळू नकोस, घोड्याच्या तोंडाला लागतं. तोल गेलाच तर खोगिराची कडी धर. ओल्या पेव्हर ब्लॉकवर नाल घसरतात, तिथे सावकाशच. सोबतच्या लहान मुलीला पुढ्यात घेऊन बसू नकोस. दोघींचाही तोल जातो.

उतरताना दोन्ही पावलं रिकिबीतून काढ, मगच पाय पलीकडून आण. मांड्या आखडलेल्या असतील, जमिनीवर टेकल्यावर क्षणभर खोगीर धरून उभी राहा.