सकाळपासून राबणाऱ्यांसाठी

अगं, काल फोनवर तू दोन गोष्टी एका दमात बोललीस. संडे स्कूलमधल्या मुलीने विचारलं, देवाचं राज्य म्हणजे मेल्यावर जायचं गाव का, आणि तुला नीट सांगता आलं नाही. दुसरं म्हणजे, मंडळीत नुकत्याच आलेल्या बाईंकडे नाताळच्या कार्यक्रमाची जबाबदारी गेली आणि इतकी वर्षं मुलांमागे राबणारी तू बाजूला राहिलीस. तुला ही दोन वेगळी दुखणी वाटतात. मला ती एकच वाटतात.

आधी त्या मुलीचं. मरणानंतरची आशा आपल्याला आहेच, ती सोडायची नाही. पण गालीलात येशूने राज्य जवळ आल्याचं सांगितलं, तेव्हा कुणाला कुठे निघून जायला सांगितलं नव्हतं. ऐकणारे लोक हेरोद अंतिपाच्या अमलाखाली पिचलेले. राज्य म्हटलं की त्यांना दावीदाचं सिंहासन दिसायचं, सैन्य दिसायचं. पाच हजारांना जेवू घातल्यावर तर लोक त्याला धरून राजा करायला निघाले, आणि तो एकटाच डोंगरावर निघून गेला. मग राज्य दाखवलं कसं? जकातदारांच्या पंगतीला बसला. कुष्ठरोग्याला हात लावला. अठरा वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला शब्बाथ दिवशी भर सभास्थानात सरळ उभं केलं. देवाच्या मर्जीने जिथे चालतं, तिथे त्याचं राज्य. मुलीला एवढं सांगितलंस तरी पुरे.

मोठी मुलं मात्र अडवतील. राज्य आलंय तर जगात एवढं दुःख का? त्यांना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची गोष्ट सांग, आणि शेवट गाळू नकोस. राज्य जवळ आल्याची दवंडी आधी त्यानेच पिटली होती. तोच हेरोदाच्या तुरुंगात पडला आणि तिथून त्याने शिष्यांकरवी येशूला विचारलं, तो येणारा तूच ना, की अजून कुणाची वाट बघायची? येशू त्याच्यावर रागावला नाही. आंधळ्यांना दिसतंय, लंगडे चालताहेत, गरिबांपर्यंत सुवार्ता पोचतेय, हे जाऊन सांगा म्हणाला. तुरुंगाचं दार काही उघडलं नाही. योहानाचं शिर गेलं. आई आजारी होती तेव्हा मी याच प्रसंगाला धरून होते. राज्य सुरू झालंय आणि अजून पुरं झालेलं नाही, ही दोन्ही एकदम खरी आहेत. म्हणून तर प्रभूच्या प्रार्थनेत ते यावं असं आपण अजून मागतो.

आता तुझं. मत्तयाचा विसावा अध्याय काढ आणि आपल्या गावच्या मजूर नाक्याशी ताडून बघ. सकाळी थापी, घमेली, डबे घेऊन माणसं उभी असतात. मुकादम येतो, धडधाकट तेवढी टेम्पोत चढवतो. दहानंतर उरतात ते म्हातारे, एखादी लेकुरवाळी, कुणी लंगडत चालणारा. येशूच्या त्या दाखल्यातला द्राक्षमळ्याचा मालक अशाच नाक्यावर मजूर घ्यायला पहाटे गेला, नऊला गेला, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायला तास राहिला तेव्हाही गेला. रिकामे का उभे आहात म्हणून विचारलं, तर आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही म्हणाले. एक बारकावा बघ. या मालकाकडे कारभारी आहे. संध्याकाळी मजुरी तोच वाटतो. तरी नाक्यावर दर वेळी मालक स्वतः जातो. देव कसा आहे हे मला या दाखल्यात तिथेच सगळ्यात जास्त दिसतं.

मजुरी सगळ्यांना सारखीच, एक दीनार, म्हणजे एका घराचं एका दिवसाचं पोट. तासाभराच्या मजुराच्या घरीही तोंडं तेवढीच. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांचा एक पैसा कापला गेला नव्हता. यांना आमच्या बरोबरीला बसवलं, हे त्यांचं दुखणं. तुझंही तेच आहे, राणी. तुला वाईट वाटलं ते खोटं नाही. पाळकसाहेबांनी आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं, आणि हे त्यांना भेटून सरळ सांग, आत कुढत बसू नकोस. पण देवाच्या राज्यात ज्येष्ठतेची यादी लागत नाही.

आपल्या मराठी माणसांत हे ज्यांना उमगलं त्यांची कामं बघ. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली केडगावला आणल्या. जगाच्या नाक्यावर कुणी न घेतलेल्या त्या मुली. पुढे रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनाच्या छापखान्यात अशाच मुलींच्या हातांनी छापलं गेलं. आणि नारायण वामन टिळक! मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमाज काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मंडळीच्या भिंतीपाशी राज्याची हद्द संपत नाही, हे त्यांनी धाडसाने करून दाखवलं.

तेव्हा रविवारी उपासनेनंतर त्या बाईंना घरी जेवायला घेऊन ये. त्यांना आपली मुलं अजून माहीत नाहीत, तुला आहेत. कोण अडखळत बोलतो पण गातो सुरेख, कुणाचे बाबा कधीच येत नाहीत, सराव संपल्यावर कुणाला अंधारात एकटं सोडायचं नाही, हे सगळं त्यांना सांग. आणि पडद्याची पेटी कुठे ठेवलीय तेही दाखव, नाहीतर त्या नवीन विकत आणतील.